सहा पावसाळे उभी असलेली पद्मिनी: आधी रंग की आधी ब्रेक?

अंत्रुजकर

सर्व सभासदांस नमस्कार. फोंडा तालुक्यातील आमच्या घरी वडिलांनी १९७८ साली नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. वडील गेल्यापासून ती घराला लागून असलेल्या कौलारू शेडमध्ये प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली उभी आहे. मोजून सांगायचे तर तिने तशा स्थितीत सहा पावसाळे काढले आहेत. गेल्या आठवड्यात ताडपत्री काढली, तेव्हा आतून पाणी ओघळलेले दिसले आणि आपण गाडीचे रक्षण करत होतो की तिला वाफवत होतो, असा प्रश्न पडला.

आजची स्थिती अशी आहे. प्लग काढून हँडल लावले असता इंजिन मोकळे फिरते. ब्रेकचे पेडल थेट तळाला जाते. क्लच दाबूनही गिअर सुटत नाही. टाकी उघडल्यावर पेट्रोलचा नव्हे, तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. डाव्या दारांखालच्या पत्र्यावर रंगाचे फुगे आले आहेत आणि तेथे बोट दाबले की आत काहीतरी कुरकुरते. दहा वर्षांपूर्वी एका टिंकरने, म्हणजे पत्र्याचे काम करणाऱ्याने, त्याच जागी काम केले होते. त्याने गंज कापून न काढता वरून पुट्टी भरून रंग मारला, हे आता समजते.

मी शिक्षक आहे. पाने धरता येतात, वेल्डिंग येत नाही. साधारण दीड लाख रुपये हळूहळू खर्च करण्याची तयारी आहे. घरच्यांचा आग्रह असा की आधी रंगकाम करून घ्यावे, म्हणजे गाडी निदान गाडीसारखी दिसेल. कामाचा क्रम कोणता असावा, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

चिरेबंदी

अंत्रुजकरबाब, इंजिन फिरते आहे ही मोठी गोष्ट आहे, कारण आपल्याकडच्या हवेत सहा वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. तरीही सेल्फ मारून गाडी सुरू करण्याचा मोह तूर्त आवरावा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून एक रात्र जाऊ द्यावी, चेंबरमधले जुने ऑइल काढून नवे भरावे आणि प्लग बाहेर ठेवूनच हँडलने दहा-वीस फेरे द्यावेत. टॅपेटचे झाकण उघडून वरपर्यंत ऑइल पोहोचते की नाही, हेही पाहून घ्यावे.

क्रमाविषयी माझे मत स्पष्ट आहे. जी गाडी थांबत नाही, ती सुरू करू नये. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि पेडल तळाला जाते याचा अर्थ मास्टर सिलिंडरचे रबर किंवा एखादा व्हील सिलिंडर गळतो आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरडे ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा सुमारे १४० अंशांवर येते. शिवाय ते पाणी सिलिंडरच्या तळाशी साचून आतल्या गुळगुळीत भिंतीला खड्डे पाडते. असे खड्डे पडलेल्या सिलिंडरला नुसते नवे रबर किट घातले, तर ते महिनाभरात पुन्हा गळू लागते. म्हणून चारही चाके उघडा, सिलिंडर बाहेर काढा, नखाने आतली भिंत तपासा आणि नख अडखळले तर सिलिंडरच बदला. जुन्या एकमार्गी ब्रेक-व्यवस्थेत एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, हे घरच्यांना शांतपणे समजावून सांगितले तर रंगाचा आग्रह आपोआप मावळेल.

क्लचचे निदान घरबसल्या होऊ शकते. दमट हवेत क्लच प्लेट गंजामुळे फ्लायव्हीलला चिकटते. इंजिन सुरू करता येईल त्या दिवशी मागची चाके ठोकळ्यांवर उचलून, वरच्या गिअरमध्ये गाडी चालू करून, क्लच दाबून ब्रेक लावला असता ती बहुतेक वेळा सुटते. त्यासाठीही आधी ब्रेक हवेत, हे आलेच. पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी ठेवण्याची वेळ आली, तर क्लचचे पेडल दाबून त्याला काठीचा टेकू द्यावा, हँडब्रेक मात्र ओढू नये. चाकांना दगड लावावेत.

बार्देसकर

चिरेबंदी यांच्या ज्ञानाविषयी आदर राखून मी थोडे वेगळे मत मांडतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उघडा पडलेला पत्रा जूनपर्यंत तसाच राहिला, तर ब्रेक उत्तम आणि गाडी चाळणी, अशी अवस्था होईल. माझ्या स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी दोन वर्षे यांत्रिक कामात घालवली आणि तेवढ्या काळात मागच्या चाकावरच्या कमानीत हात जाईल एवढे भोक पडले. पत्र्याला थांबायला वेळ नसतो, यंत्राला असतो.

चिरेबंदी

बार्देसकर, आपला मुद्दा पत्र्याविषयी असेल तर मला तो पूर्ण मान्य आहे, रंगाविषयी असेल तर नाही. या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच बिलात येतात, म्हणून त्या एकच वाटतात.

फियाट ११०० आणि तिच्यापासून आलेली पद्मिनी या गाड्यांना खाली वेगळी चासी नाही. फरशी, दारांखालचे बंद पेटीसारखे भाग आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे अंत्रुजकरांच्या दारांखालचा कुरकुरणारा पत्रा हा दिसण्याचा प्रश्न नसून गाडीच्या कण्याचा प्रश्न आहे. तेथे जॅक लावू नये, कारण जॅक आत घुसेल आणि गाडी खाली येईल. पुट्टी ओलावा धरून ठेवते, म्हणजे त्या टिंकरने गंज झाकला एवढेच नव्हे, तर त्याला पाणी पाजण्याची सोय करून दिली. माझ्या मते पुट्टी पूर्ण खरवडून काढावी, गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापावा, नवा पत्रा वेल्ड करावा, सांध्यांवर सीलर आणि वर जस्तयुक्त प्रायमर मारून काम तेथेच थांबवावे. प्रायमरच्या रंगाची गाडी वर्षभर चालवण्यात कमीपणा नाही. मात्र साधा प्रायमर पाणी शोषतो, त्यामुळे इपॉक्सी प्रायमर मागून घ्यावा. कापण्यापूर्वी दारे बंद करून त्यांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात आणि गाडी चारही बाजूंनी सपाट टेकवूनच वेल्डिंग करावे, नाहीतर सांगाडा किंचित वाकतो आणि मग दार कधीच नीट लागत नाही. टाकी आणि बॅटरी वेल्डिंगपूर्वी गाडीतून काढलेली असली पाहिजे, हे सांगण्याची गरज नसावी, पण सांगतो.

आणखी एक गोष्ट. दारांच्या आणि त्या बंद पेट्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. आपल्या तांबड्या मातीची धूळ त्यांत बसते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि भोक बुजते. मी दर मे महिन्यात माडाच्या झाडूचा एक हीर घेऊन प्रत्येक भोक मोकळे करतो. तार वापरू नये, तिने रंग खरवडला जातो.

सत्तरीची वाट

ब्रेक आणि पत्रा यांच्या वादात इंधन मागे पडू नये म्हणून लिहितो. अंत्रुजकरांची गाडी उभी राहिली तेव्हाचे पेट्रोल आणि आज पंपावर मिळणारे पेट्रोल यांत फरक आहे. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉल पाणी ओढते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी शोषले गेले, की ते पाणी व इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. म्हणजे महिन्याभराने गाडी सुरू करू पाहणाऱ्याच्या कार्ब्युरेटरमध्ये पहिल्यांदा येते ते नेमके हेच मिश्रण. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात किंवा मऊ पडतात, पंपाचा पडदा कडक होतो आणि कार्ब्युरेटरच्या जस्त-मिश्रित ओतीव भागावर पांढरी पूड जमते.

मी केलेले काम असे. टाकी उतरवून आतील गंज काढला, इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या बदलून इंधन इंजेक्शनच्या गाड्यांसाठी येणाऱ्या चांगल्या प्रतीच्या नळ्या घातल्या, पंपाचे किट बदलले आणि टाकी व पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर बसवला, जेणेकरून गंज आला तर डोळ्यांना दिसावा. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते आणि ते जळायला हवाही कमी लागते, त्यामुळे सोलेक्स कार्ब्युरेटर जुन्याच जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर, ठेवला तर मिश्रण पातळ होते, हवेच्या मानाने इंधन कमी पडते आणि इंजिन चढावर तापून ठोकू लागते. मुख्य जेट एक पायरी मोठा घातल्यावर माझी गाडी चोर्ला घाट पुन्हा नीट चढू लागली. एप्रिल-मे महिन्यांत घाटात गाडी थांबवून पाच मिनिटांनी सुरू होत नसेल, तर घाबरून कार्ब्युरेटर उघडू नये. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. बॉनेट उघडून पंपावर ओला फडका ठेवावा आणि चहा घ्यावा.

पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी, असा जुना सल्ला आहे. तो शुद्ध पेट्रोलच्या काळात योग्य होता. आता मी गाडी दर पंधरवड्याला चालवणार असेन तरच टाकीत पेट्रोल ठेवतो, नाहीतर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करतो.

आजोबांची बीटल

माझी गाडी वेगळ्या कुळातील असली तरी प्रश्न त्याच हवेचे आहेत, म्हणून दोन शब्द लिहितो. आजोबांनी १९६० साली, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या आदल्या वर्षी, मुरगाव बंदरातून उतरलेली फोक्सवॅगन बीटल घेतली. शेजारच्या भारतात परदेशी गाडी आणणे दुरापास्त होते, तेव्हा इकडे लोखंडाच्या खनिजाच्या पैशावर युरोपातील गाड्या सहज येत होत्या. पोर्तुगालमध्ये वाहने १९२८ पासून रस्त्याच्या उजवीकडून चालत असली, तरी गोव्यात ती डावीकडूनच चालत राहिली. त्यामुळे आमचे स्टिअरिंगही उजवीकडेच आहे.

या बीटलला ६ व्होल्टची वीज-व्यवस्था आहे. तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी १२ व्होल्टच्या दुप्पट विद्युतप्रवाह लागतो, त्यामुळे अर्थिंगच्या जोडावर थोडा जरी गंज आला, तरी दिवे काजव्यासारखे होतात आणि सेल्फ अर्धा फेरा देऊन थांबतो. एका फिटरने डायनॅमो खराब झाल्याचे सांगून तो बदलण्याचा सल्ला दिला होता. मी फक्त बॅटरीपासून बॉडीपर्यंतची जाळीची पट्टी काढून, दोन्ही टोकांखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, व्हॅसलिन लावून परत बसवली. डायनॅमो आजही तोच आहे. अंत्रुजकरांची गाडी १२ व्होल्टची असल्याने तिला हा त्रास कमी होईल, पण होणारच नाही असे नाही. इग्निशनचे पॉइंटसुद्धा असेच हिरवट होतात. बारीक पॉलिश पेपर, नंतर पेट्रोलमध्ये बुडवलेला कडक कागद आणि शेवटी फीलर गेजने मोजलेले अंतर एवढ्यात अर्ध्या गाड्या सुरू होतात. पाच मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवून बंद करण्याची सवय मात्र कोणी लावून घेऊ नये. तेवढ्यात इंजिन तापत नाही, जळण्यातून निर्माण झालेले पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच राहते. अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवणे शक्य नसेल, तर ती सुरूच करू नये.

अंत्रुजकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरात रंगाचा विषय आता मागे पडला आहे, आईने तर ब्रेकविषयी वाचून दाखवल्यावर स्वतःच विषय बंद केला. दोन शंका उरतात. एक म्हणजे गाडीची कागदपत्रे अजून वडिलांच्याच नावावर आहेत आणि नंबर गोवा-दमण-दीवच्या काळातील जुन्या जीडी मालिकेतला आहे. दुसरी शंका कदाचित हास्यास्पद वाटेल. आमच्याकडे वासे आणि तुळया वाळवीपासून वाचवण्यासाठी काजूच्या टरफलाचे तेल लावत असत. ते गाडीच्या पोटाला लावले तर चालेल का?

कागदोपत्री

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ भरून हस्तांतरणाचा अर्ज करावा, असा नियम आहे. आपल्याला उशीर झाला आहे, त्यामुळे दंड भरावा लागेल, पण काम अडून राहत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि मूळ नोंदणीपुस्तक जवळ ठेवावे. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून वाढवून घ्यावी लागते आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीसाठी त्याचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे. ही रक्कम आपल्या अंदाजपत्रकात धरावी.

व्हिंटेज नोंदणीचा पर्याय आपल्याला आज उपलब्ध नाही. २०२१च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, म्हणजे आपली गाडी २०२८ साली पात्र ठरेल. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे आणि १० वर्षांची मुदत मिळते. तथापि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी आईला म्हार्दोळच्या देवळात नेण्यासाठी गाडी हवी असेल, तर साधी नोंदणीच बरी.

प्रदूषण तपासणीची धास्ती बाळगू नये. या काळातील पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची दर दहा लाखांत १५०० भाग आहे. हवेचा फिल्टर स्वच्छ, पॉइंटचे अंतर बरोबर आणि इंजिन पूर्ण तापलेले असताना मिश्रणाचा स्क्रू फिरवून घेतला, तर निरोगी इंजिन या मर्यादेत बसते.

चिरेबंदी

काजूच्या तेलाची शंका हास्यास्पद मुळीच नाही. त्या तेलापासून तयार होणारी राळ आणि तिची पूड ब्रेकच्या लायनरमध्ये वापरतात, म्हणजे आपण ब्रेक दाबता तेव्हा काजूच काम करत असण्याची शक्यता आहे. परंतु कच्चे तेल पत्र्याला लावू नये. ते आम्लधर्मी असते, हाताला फोड आणते आणि वेल्डिंग किंवा सायलेन्सरच्या उष्णतेने त्याचा जो धूर होतो तो डोळ्यांना सहन होत नाही. बंद पेट्यांच्या आत पिचकारीने मेण-मिश्रित गंजरोधक मारावा आणि बाहेरून रबरी थर द्यावा. मात्र तो थर गंजावर कधीच देऊ नये, नाहीतर त्या टिंकरची आणि आपली गत एकच.

मुंबईस्थित पेडणेकर

सुट्या भागांविषयी कोणी लिहिले नाही. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोपर्यंत व्हील सिलिंडर, किंगपिन, वॉटर पंप, पाट्यांचे बुश ही किराणा मालासारखी मिळणारी वस्तू होती. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि तेव्हापासून दुकानदार नवा माल मागवण्यास नाखूश आहेत. ऑपेरा हाऊस भागातील जुन्या दुकानांत अजूनही बरेच मिळते, पण रबरी वस्तू घेताना सांभाळावे. दहा वर्षे कपाटात पडलेले रबर नवे असले तरी जुनेच असते. वाकवून पाहावे, बारीक तडे दिसले तर परत करावे. काढलेला कोणताही जुना भाग, कितीही खराब असला, तरी नवा बसून गाडी महिनाभर चालेपर्यंत टाकू नये. नमुना हातात असला की दुकानदारही नीट शोधतो.

अंत्रुजकर

पाच महिन्यांनी लिहितो आहे, उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. डाव्या बाजूचा पत्रा कापला, तेव्हा आतून दीड तगारी तांबडी माती आणि एक मुंग्यांचे वारूळ निघाले. वेल्डर भला माणूस होता. त्याने प्रत्येक टाका मला दाखवून पुढचा मारला. चारपैकी तीन व्हील सिलिंडर बदलले, मास्टर सिलिंडर नवा घातला, टाकी स्वच्छ केली, नळ्या बदलल्या. क्लच चिरेबंदींनी सांगितलेल्या रीतीने दुसऱ्या प्रयत्नात सुटला, त्या वेळी झालेल्या आवाजाने शेजारी धावत आले. गाडी राखाडी प्रायमरमध्ये आहे आणि मुले तिला म्हैस म्हणतात. प्रदूषण तपासणीत कार्बन मोनॉक्साइड २.४ टक्के आले.

काल प्रथमच आईला घेऊन म्हार्दोळ आणि मंगेशी करून आलो. परतल्यावर सवयीने चारही चाकांना हात लावून पाहिला, तर उजवे पुढचे चाक इतके तापले होते की हात ठेववेना. उरलेली तीन कोमट होती. घरी उतारावर गाडी सोडली तर सरकत नव्हती, अर्ध्या तासाने आपोआप मोकळी झाली. त्या चाकाचा सिलिंडर नवाच आहे. पुढच्या रबरी ब्रेकनळ्या मात्र बाहेरून चांगल्या दिसल्याने बदलल्या नव्हत्या.

चिरेबंदी

उत्तर आपल्या शेवटच्या वाक्यात आहे. जुनी रबरी नळी आतून फुगते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, पण पाय काढल्यावर परत येत नाही, आणि ब्रेक लागलेलाच राहतो. खात्री करायची असेल तर चाक जाम असतानाच त्याचा ब्लीडिंग निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू, अर्धा फेरा सैल करावा. पिचकारी उडून चाक लगेच मोकळे झाले, तर दोष नळीचाच. तसे न होता चाक घट्टच राहिले, तर ब्रेक-शूची स्प्रिंग किंवा ॲडजस्टर पाहावा लागेल.

नळी बदलताना एकच न बदलता पुढच्या दोन्ही आणि मागची एक अशा तिन्ही बदलाव्यात, कारण त्यांचे वय एकच आहे. आणि ड्रम उघडण्याची वेळ आली तर दोन्ही बाजू एकदम उघडू नका. एक बाजू जोडलेलीच ठेवा, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठे होती हे विसरल्यावर उठून पलीकडे जाऊन पाहता येते.